फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

तिशी ओलांडलेल्या बहुतेक जणींकडे गेल्या काही वर्षांत केव्हा ना केव्हा आशाताई एक फॉर्म घेऊन आली असेल. वय किती, तंबाखू-मिश्री लावता का, घरात कोणाला साखर किंवा बीपी आहे का, असे प्रश्न विचारत ती खुणा करत जाते. मग टेप काढून कमरेचा घेर मोजते. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असला तर शून्य गुण, ९०च्या वर गेला तर दोन. त्याच फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न असतो : आठवड्यातून किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? ‘नाही’ म्हटलं की एक गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या बाईला तपासणीसाठी आधी पाठवायचं. शाळेच्या अगदी उलट. इथे जितके गुण जास्त तितकी चिंता जास्त!

फॉर्म चांगला आहे. तो घेऊन जिने चढणाऱ्या आशाताईंचं तर कौतुक करावं तेवढं थोडं, कारण त्यांना पगार नाही, मानधन आहे, आणि पायपीट मात्र कोणत्याही पगारदारापेक्षा जास्त. पण त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न राहून गेला आहे. ‘तुम्हाला चालायला जागा आहे का?’ हा तो प्रश्न. व्यायाम करत नाही याचा गुण बाईच्या खात्यात लिहिला जातो. ज्या गल्लीत ती राहते त्या गल्लीला, ज्या नगरपालिकेने तिथला दिवा वर्षभर बंद ठेवला तिला, ज्या घराने तिला सकाळचा अर्धा तास दिला नाही त्या घराला गुण देण्याची सोय कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

हे मला मानखुर्दमध्ये जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसेल. बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते. हार्बर लाइनवर वाशीची खाडी ओलांडायच्या आधीचं मुंबईतलं शेवटचं स्टेशन म्हणजे मानखुर्द. महापालिकेच्या एम पूर्व वॉर्डात ते येतं. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात हा वॉर्ड शहरात सगळ्यात शेवटी होता. रेल्वे रुळांच्या कडेची, रस्ता रुंदीकरणात गेलेली हजारो झोपडीवासी कुटुंबं २००० नंतरच्या दशकात इथल्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत आणून ठेवली गेली. प्रत्येक कुटुंबाला २२५ चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं. डोक्यावर छप्पर, घरात संडास, घरात नळ. ज्या बाईने आयुष्यभर पत्र्याखाली पावसाळे काढले तिच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. त्याची थट्टा करणाऱ्यांनी आधी एक पावसाळा झोपडीत काढून बघावा.

पण इमारत आणि इमारत यांच्यात अंतर ठेवलं साधारण तीन मीटर. म्हणजे दोन रिक्षा शेजारी शेजारी उभ्या केल्या की संपलं. त्या तीन मीटरमध्ये मोटारसायकली, पाण्याचे पाइप, वरून पडणारा कचरा, खाली खेळणारी पोरं. २०१८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी, मुंबई यांच्या तज्ज्ञांनी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहतींतल्या घरांत ऊन किती येतं, हवा किती खेळते हे पाहिलं आणि क्षयरोगाच्या रुग्णांशी ताडून बघितलं. दाटीवाटीच्या पहिल्या दोन वसाहतींत, त्यातही खालच्या मजल्यांवर, ऊनवारा कमी आणि क्षय जास्त. पीएमजीपीमध्ये इमारतींत मोकळी जागा जास्त, तिथे क्षय बराच कमी. माणसं तीच, गरिबी तीच, फरक नकाशाचा! नकाशा कागदावर काढला जातो तेव्हाच कोण आजारी पडणार हे थोडंबहुत ठरून जातं, असा याचा सरळ अर्थ आहे.

आता जिथे श्वासाला जागा ठेवली नाही तिथे चालायला कोण ठेवणार? बाहेर यावं तर घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता. कंटेनर आणि डंपर यांची अखंड रांग. २०२१ साली त्यावर जवळजवळ तीन किलोमीटरचा उड्डाणपूल झाला, गाड्यांची सोय झाली. पायी चालणाऱ्या बाईला त्या पुलाचा उपयोग एवढाच, की उन्हात खालून जाताना थोडी सावली मिळते. जवळच देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे, १९२७पासूनचं. २०१६च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धूर दिवसचे दिवस हटला नव्हता, परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. आणि याच मानखुर्दला खेटून अणुशक्तीनगर आहे. रुंद रस्ते, मोठी झाडं, मैदानं. तिथल्या बायका संध्याकाळी फिरायला निघतात. त्यांचा मला हेवा वाटत नाही, उलट बरं वाटतं. सरकारने ठरवलं तर वसाहत कशी बांधता येते याचा नमुना तिथे भिंतीपलीकडे उभा आहे.

‘आम्ही दिवसभर राबतो ते काय कमी आहे? वर आणखी व्यायाम कशाला?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ते पाठ झालं आहे. आणि ते खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये जे मार्गदर्शन केलं त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे आणि घरकामातली हालचालही त्यात धरली आहे. पूर्वी असं म्हणत की सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत, तरच ती मोजायची. ती अट आता काढून टाकली आहे. चार मजले चढलात, पाच मिनिटं झपाझप बाजारात गेलात, हंडा उचललात, सगळं जमेला धरायचं. मध्यम हालचाल ओळखायची खूणही सोपी आहे : चालता चालता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही.

अडचण अशी की आपलं राबणं आता पूर्वीचं राहिलेलं नाही. थकवा तेवढाच आहे, किंबहुना जास्त, पण हालचाल कमी झाली. मानखुर्द-गोवंडीकडे अनेक घरांत बायका तुकड्यावर काम करतात. कुठे मणी ओवणं, कुठे जरीकाम, कुठे धागे कापणं. सकाळचा स्वयंपाक उरकला की फरशीवर मांडी घालून बसायचं, मान खाली, ते संध्याकाळपर्यंत. पाठ मोडते, डोळे दुखतात, गुडघे आखडतात आणि पावलं मात्र पाचशेसुद्धा होत नाहीत. ज्या पूर्वी वस्तीपासून चालत धुण्याभांड्याच्या कामाला जात त्यातल्या कितीतरींची कामं घर लांब गेल्यावर सुटली. छोट्या गावांत तरी वेगळं काय आहे? दळण डोक्यावर घेऊन गिरणीला जाणं होतं, तिथे आता पिशवीतलं पीठ आलं. पाटा-वरवंटा माळ्यावर गेला. कोणी म्हणेल, बाई, म्हणजे पुन्हा जात्यावर बसायचं का? मुळीच नाही! जातं गेलं ते उत्तमच झालं. पण जात्याबरोबर जी हालचाल गेली तिच्या जागी काही आलं नाही. जो वेळ वाचला तो दुसऱ्या कामांनी खाल्ला.

आकडे सांगते, कारण आकड्याशिवाय घरातली माणसं ऐकत नाहीत. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४च्या जूनमध्ये जगभराचा एक अभ्यास आला. २००० साली भारतातल्या साधारण २२ टक्के मोठ्या माणसांची हालचाल कमी पडत होती, २०२२मध्ये हे प्रमाण ४९ टक्क्यांच्या वर गेलं. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के! म्हणजे दर दोघींतल्या एकीपेक्षा जास्त. वरवर बघणारा म्हणेल, बघा, बायका आळशी. त्याच्यापुढे दुसरा आकडा ठेवा. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी बाई दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते आणि पुरुष ८८ मिनिटं. त्यातही ही ८८ मिनिटं जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची. न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत! दोन्ही आकडे एकत्र वाचले की कळतं : बाई रिकामी नाही, बाई अडकलेली आहे.

आता वेळेपेक्षाही नाजूक गोष्टीकडे येते. ती म्हणजे ‘कारण’. आपल्याकडे बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. भाजी, दळण, देऊळ, मुलाची शाळा, आजारी नणंद. हातात पिशवी असली की कोणी विचारत नाही. नुसतीच मोकळे हात हलवत चालणारी बाई मात्र डोळ्यांत येते. ‘काय वहिनी, इकडे कुठे?’ मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं एक पुस्तक लिहिलं. विनाकारण बाहेर असण्याचा बाईला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा ऐकताना हे जरा जास्तच वाटतं. पण विचार करा, व्यायामासाठी चालणं हे शेवटी काय आहे? कुठेही न जाता चालणं! जिथून निघालो तिथेच परत यायचं. देशाच्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीने जायची मुभा असलेल्या बायका फक्त ४२ टक्के निघाल्या. कामासाठी जायला ही गत, तर बिनकामाने चालायला काय असेल?

आपल्या आज्या-पणज्या या बाबतीत हुशार होत्या असं मला नेहमी वाटतं. त्यांनी कारण देवाचं दाखवलं. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा, आगोटं-पागोटं, लाट्या बाई लाट्या. शंभरावर खेळ, रात्रभर. कंबर, खांदे, मांड्या, तोल, दम, सगळ्याचा कस. बसफुगडी घालून बघा, म्हणजे जिमवाल्यांचे उठाबशांचे प्रकार कुठून आले असा प्रश्न पडेल! आणि मुख्य म्हणजे एकटीने काही नाही, सगळं घोळक्यात. गावोगावी पुरुषांसाठी तालमी होत्या. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. बायकांना तालमीचा उंबरा नव्हता, म्हणून त्यांनी ओसरीचीच तालीम केली. पण वर्षातून दोन-चार रात्री खेळून आज साखर आटोक्यात राहायची नाही. रोजचं काहीतरी हवं.

रोजचं काय होऊ शकतं ते मी मानखुर्दमध्येच पाहिलं. महापालिका शाळेत सकाळच्या पाळीला मुलांना सोडायला आलेल्या आया फाटकाशी घोळका करून उभ्या राहत. पंधरा-वीस मिनिटं गप्पा, मग घरी. त्यातल्या चौघींनी ठरवलं, गप्पा मारायच्याच आहेत ना, मग चालता चालता मारू. शाळेपासून स्टेशनपर्यंत आणि परत. पायात रोजच्याच चपला. कोणी गाउनवर ओढणी घेतलेली, कोणी साडीत, दोघी-तिघी बुरख्यात. पहिल्या आठवड्यात टपरीवरून आवाज आला, ‘मोर्चा कुठे निघाला?’ एकीने तिथल्या तिथे उत्तर दिलं, ‘रेशन ऑफिसवर. येताय का?’ त्यानंतर टपरी गप्प झाली. चाराच्या अकरा झाल्या. एकीने घरी काहीच सांगितलं नव्हतं. महिन्याने नवऱ्याने विचारलं, हल्ली उशीर का होतो? तर म्हणाली, शाळेत मीटिंग असते. रोज मीटिंग! हसू येतं, आणि वाईटही वाटतं.

त्या गटाला खरी अडचण आली ती हिवाळ्यात. सकाळी अंधार, धूर खाली उतरलेला, आणि रस्त्याच्या एका तुकड्यावर खांब होते पण दिवे बंद. अर्ज केला. ज्या कार्यालयात केला तिथे सांगितलं, हा खांब आमच्याकडे येत नाही. ज्यांच्याकडे येतो असं सांगितलं त्यांनी आणखी तिसऱ्याकडे बोट दाखवलं. खांब जागच्या जागी, अर्जच तेवढा चालत राहिला. त्याच्या पायांना मात्र व्यायाम झाला! दोन महिन्यांनी कोपऱ्यावरच्या एका दुकानदाराने आपल्या फळीबाहेर एक बल्ब लावला आणि पहाटे चालू ठेवायला लागला. त्या एका बल्बने जे केलं ते आरोग्यावरच्या दहा भाषणांनी झालं नसतं. धुराचं मात्र दुकानदाराच्या हातात काही नव्हतं. हवा फार वाईट असेल त्या दिवशी न चालणंच बरं, विशेषतः दमेकरी बायकांनी. पण हे सांगताना जीभ अडखळते. चालायला जा म्हणावं की जाऊ नको म्हणावं?

आणखी एक अडचण कोणी उघड बोलत नाही. मुतारी! चाळिशीनंतर, दोन-तीन बाळंतपणं झाल्यावर, चालताना-खोकताना त्रास होणाऱ्या बायका किती आहेत ते एकदा आपसांत विचारा. घरापासून दूर जायची त्यांना भीती वाटते ती याची. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली. चेंबूरची कोरो ही संस्था तिच्यात पुढे होती. मागणी साधी होती : पुरुषांना लघवीला पैसे पडत नाहीत, मग बायकांना का पडावेत, आणि बायकांसाठी मुताऱ्या का नसाव्यात? तेव्हा काही लोकांना हा विषय वर्तमानपत्रात यावा हेच अशोभनीय वाटलं होतं. पण ज्या रस्त्यावर बाईला मुतारी नाही तो रस्ता तिच्यासाठी अर्धाच आहे. पाणीसुद्धा न पिता बाहेर पडणाऱ्या बायका मी रोज बघते.

याच शहरात दादरला शिवाजी पार्क आहे, १९२५ साली लोकांसाठी खुलं झालेलं. रात्री साडेनऊलाही तिथे बायका बिनधास्त फिरतात. का? दादरच्या बायका जास्त धीट आहेत म्हणून नाही. मैदानाभोवती किलोमीटरभराहून लांब सलग कट्टा आहे, त्यावर आजी-आजोबा बसलेले आहेत, दिवे आहेत, भेळवाला आहे, मुलं खेळताहेत. चालून दमलं की टेकायला जागा, पडलं तर धावून येणारी माणसं. धीर असा आजूबाजूने येतो. तो ज्याच्या त्याच्या पोटात असतो असं समजून आपण बायकांना उगीच भित्र्या ठरवतो.

२०२२मध्ये मुंबई महापालिकेने शिव योग केंद्रं सुरू केली, त्यातली कल्पना मला म्हणूनच आवडली. किमान ३० जणांनी गट करायचा, जागा आपण शोधायची, शिकवणारा पालिकेचा, फी नाही. योगाबद्दल कोणाचं काही मत असो, मला त्यातलं ‘३० जणांनी’ महत्त्वाचं वाटतं. एकटीला सांगितलं असतं तर ती तिसऱ्या दिवशी थांबली असती. तीस जणींत आज न आलेलीची चौकशी होते. अडचण पुन्हा जागेचीच. मानखुर्दमध्ये तीस चटया अंथरायच्या कुठे? ज्यांना जागा आहे त्यांनाच शिक्षक मिळतो, असं होऊ नये म्हणून पालिका शाळांची पटांगणं सकाळ-संध्याकाळ एक तास उघडायला काय हरकत आहे? फाटकाला कुलूप, आत मोकळं मैदान आणि बाहेर रस्त्यावर माणसं, हे दृश्य आपल्या सगळ्या गावांत आहे.

मुलींचं तर आणखी वेगळं. दहा-अकरा वर्षांपर्यंत त्या पोरांबरोबर धावत असतात, मग एक दिवस मैदानातून नाहीशा होतात. कोणी हाकललेलं नसतं. आई म्हणते आता मोठी झालीस, मैदानावरची मुलं म्हणतात इथे आमची मॅच आहे, आणि झालं. हाडं बळकट व्हायची ती नेमकी याच वयात. चाळिशीत कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन ती भर निघत नाही. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेने २०१२च्या सुमारास मुलींचा फुटबॉल सुरू केला. पडदा पाळणाऱ्या घरांतल्या मुली त्यात होत्या. मुलींना मैदान हवं म्हणून त्यांनी सह्यांची मोहीम केली. मला यात दिसतं ते एवढंच, की त्यांनी आधी चेंडू आणला आणि मग मैदान मागितलं. खेळणाऱ्या मुली समोर दिसत असल्या की ‘कोण येणार आहे खेळायला?’ हा सरकारी प्रश्नच उरत नाही.

जगात बघायचं तर चीनमधल्या बायकांकडे बघा. तिथल्या शहरांत संध्याकाळी चौकात, मोकळ्या पटांगणात पन्नाशी-साठीच्या बायका जमतात, एक स्पीकर लावतात आणि रांगा करून नाचतात. कर्कश गाण्यांवरून शेजाऱ्यांशी भांडणंही होतात म्हणे! पण रोज जमतात. दक्षिण अमेरिकेत बोगोटा शहरात १९७४पासून रविवारी मोठे रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना चालायला, सायकलींना मोकळे देतात. आपल्याकडे वांद्र्यात २०१४ला आणि मग २०२२ला पोलिसांच्या पुढाकाराने शहरात काही ठिकाणी असे रविवारचे रस्ते झाले. छान उपक्रम. पण तो बहुतेक जिथे आधीच समुद्र आणि झाडं आहेत तिथे पोचला, जिथे काहीच नाही तिथे कमी.

आता तुमच्या गावाकडे वळते. ‘ओपन जिम’ तुमच्याकडेही आलं असेल. निळी-पिवळी लोखंडी यंत्रं, उद्घाटनाची पाटी, नेत्यांची नावं. खरं सांगा, त्यावर किती बायका चढतात? बहुतेक ठिकाणी ती रस्त्याला लागून, चहाच्या गाडीसमोर बसवलेली असतात. साडीतल्या बाईने सगळ्यांसमोर त्या दांड्यावर लटकायचं? पाटी लावण्याच्या घाईत जागा कोणी बायकांना विचारून ठरवलीच नाही. तेवढ्या पैशांत चार दिवे, दोन बाक आणि एक मुतारी झाली असती. ८ मार्चच्या मॅरेथॉनचंही तेच. सारख्या रंगाचे टी-शर्ट, फोटो, केळं आणि बिस्कीट, आणि ९ मार्चला सगळं पूर्ववत. बारामतीकडच्या लता भगवान करे यांचं नाव अशा वेळी हमखास घेतलं जातं. उतारवयात नऊवारी नेसून त्या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२०मध्ये चित्रपटही आला, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. पण त्या धावल्या कशासाठी? नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून. त्यांना नमस्कार करावा, मात्र ‘बघा, त्या धावल्या, तुम्हाला काय होतंय?’ असं दुसऱ्या बाईला ऐकवू नये.

तुमच्याकडे मुंबईकडे नाही ते एक आहे. जागा! झेडपीच्या शाळेचं पटांगण, बाजार समितीचं आवार, जे आठवडी बाजाराचा दिवस सोडला तर मोकळंच असतं, तळ्याकाठचा रस्ता, मंगल कार्यालयाचं अंगण. आणि माणसंही तयार आहेत. गावोगावचे बचत गट महिन्याला, पंधरवड्याला बसतात. बसतातच का पण? हिशेब वही उघडायला दहा मिनिटं बसा, बाकीच्या गोष्टी चालता चालता बोला. शेजारणीला रोज हाक मारून न्यायची, एवढा एक नियम केला तरी निम्मं काम होतं. गुडघे दुखत असतील, छातीत धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग हळूहळू वाढवा. आणि घरच्यांना स्पष्ट सांगा, सकाळचा चहा आज तुम्ही करायचा. मीटिंग आहे असं सांगू नका.

पैशांचं म्हणाल तर तेही आहेत. नगरपालिकांना आपल्या अंदाजपत्रकातला पाच टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी ठेवावा लागतो, त्यासाठी समिती असते. २०११पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. हे पैसे वर्षानुवर्षं शिलाई मशीन आणि मेंदीचे वर्ग यांतच का जावेत? शिलाई मशीनला माझा विरोध नाही, पण तेही बसूनच करायचं काम आहे! गावात राहत असाल तर ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, तिथे हा विषय मांडता येतो. मुंबईत मार्च २०२२ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ वॉर्डात नगरसेवकच नव्हता, अर्ज द्यायचा तर द्यायचा कोणाला अशी गत होती. तुमच्याकडे तुमची सदस्य बाजारात भेटते, हळदीकुंकवाला येते. तिला तिथेच गाठा.

अर्ज लिहिताना ‘महिलांच्या आरोग्यासाठी सुविधा द्याव्यात’ असं गोलमाल लिहू नका. ते फायलीत जातं. लिहा, की अमुक शाळेच्या पटांगणाचं फाटक संध्याकाळी सहा ते सात उघडं हवं, किल्ली शिपायाकडे न ठेवता जवळच्या घरी हवी, पूर्वेकडच्या कोपऱ्यातला दिवा बंद आहे, मुतारीला कडी नाही, आणि खाली चाळीस जणींच्या सह्या. खांबाचा नंबर असला तर तोही लिहा. कोणाच्या हद्दीत येतो ते आधी विचारून घ्या. पटांगणावर मुलं क्रिकेट खेळत असतील तर त्यांच्याशी भांडू नका, त्यांचीही जागा तीच आहे. त्यांच्या सह्यासुद्धा घ्या. सहा ते सात तुम्ही चालाल, सातनंतर ती खेळतील, कारण दिवा लागला तर त्यांनाही तो हवाच आहे.